तळ्याच्या तळाशी दगड नाही

मी अठ्ठावीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं. आमच्याकडे एकच बाई सगळे विषय घेते, पण भूगोलाचा तास आला की माझा आवाज आपोआप चढायचा. महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर टांगला की बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या तळ्यावर माझं बोट जायचंच. मग फळ्यावर एक आडवी रेघ, रेघेच्या मधोमध वाटीसारखा खोलगट भाग, वाटीत निळ्या खडूनं पाणी आणि अगदी तळाशी पांढऱ्या खडूनं गच्च भरलेला गोळा. "हा दगड आकाशातून पडला. खड्डा झाला. खड्ड्यात पाणी साठलं. दगड अजून खाली आहे." मुलं ते चित्र वहीत उतरवून घ्यायची. अशी किती मुलं माझ्या हाताखालून गेली, त्याचा हिशेब मी लावत बसत नाही. पण त्या सगळ्यांच्या वहीत तो गोळा आहे, आणि तो चुकीचा आहे. हे लिहायला बसले ती मुख्यतः त्यासाठी.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. शाळा बंद होत्या, आमचा वर्ग फोनवर भरत होता. ज्यांच्या घरी फोन होता तीच मुलं वर्गात. तिसरी पास होऊन चौथीत आलेल्या एका मुलीनं मला फोटो पाठवला आणि त्याखाली आवाजातला निरोप: "बाई, तुमचं तळं गुलाबी झालंय. का झालं? आणि तुम्ही ते बघितलंय का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर वाचून दिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्यात सापडले. उन्हाळ्यात पाणी आटलं, खार वाढला, हे जीव माजले, आणि त्यांच्या अंगचा गुलाबी रंग सगळ्या तळ्याला चढला. पाऊस पडल्यावर तो रंग गेला. दुसऱ्या प्रश्नाला मी "नाही" असं लिहिलं. तिनं पुढं काही विचारलं नाही. तो "नाही" माझ्या मनात बरीच वर्षं पडून होता.

मी २०२३ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. हे त्याच्या आधी दोन वर्षं बेस्टमधून निवृत्त झाले होते, ड्रायव्हर म्हणून एकतीस वर्षं काढून. लग्नानंतर आम्ही दोघं असं ठरवून कुठे गेलोच नव्हतो. माझी सुट्टी मे महिन्यात, ह्यांची सुट्टी मिळेल तेव्हा, आणि जी मिळायची ती गावाला, गणपतीत किंवा कुणाच्या लग्नात जायची. मुलानं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी वॅगनआर आमच्याकडे आली आणि विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या इमारतीखाली उभी राहिली. संक्रांत झाली, तिळगुळाच्या वड्या थोड्या उरल्या होत्या. एके सकाळी चहा पिताना हेच म्हणाले, "अगं, तुझं ते तळं बघून येऊ या का?"

"अहो, साडेचारशे किलोमीटर आहे."

"मग? रस्ता आहे ना?"

रस्ता होता. समृद्धी महामार्ग तेव्हा पूर्ण झालेला नव्हता, पण नागपूरपासून इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरपर्यंत खुला होता. म्हणजे कसारा घाटानं वर जायचं, घोटीवरून भरवीरला चढायचं आणि पुढे सरळ.

पण ह्यांनी लगेच निघू दिलं नाही. एका संध्याकाळी खाली गेले ते तासभर वर आलेच नाहीत, म्हणून मी बघायला उतरले. हे गाडीशेजारी गुडघ्यावर बसलेले, हातात टॉर्च, आणि टायरच्या कडेवर फडकं घासत होते. मला म्हणाले, "बस इथं. हे वाच." धूळ पुसल्यावर एक लांबट चौकट दिसली आणि त्यात चार आकडे: २३१७. "पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात हा टायर बनला." नक्षी चांगली खोल होती, मला तर टायर नवाच वाटला. ह्यांनी टॉर्च तिरका धरला तेव्हा कडेच्या रबरावर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, उन्हात वाळलेल्या चिखलावर पडतात तशा. शहरात हा टायर आणखी दोन वर्षं चालला असता, असं हे म्हणाले, कारण इथे गाडी दर चौकात थांबते आणि टायर निवतो. तिकडे तासनतास एकाच वेगानं पळायचं. रबर दाबलं जातं, सुटतं, पुन्हा दाबलं जातं, त्यानं तापतं. हवा कमी असेल तर कड जास्त वाकते आणि जास्त तापते. जुनं रबर तो ताप सोसत नाही, फुटतं. आणि शंभराच्या वेगात पुढचा टायर फुटला तर ड्रायव्हर कितीही मोठा असो, स्टिअरिंग हातात राहत नाही.

चारही टायर बदलले. पेन्शनीतून एवढे पैसे एकदम गेले, पण मला त्याचं काही वाटलं नाही. जाणं आठवडाभर पुढे गेलं. ज्या माणसानं एकतीस वर्षं साठ-सत्तर माणसं पाठीमागे घेऊन गाडी हाकली, त्याला एका माणसासाठी तेवढीच काळजी घेताना मी पहिल्यांदाच जवळून बघत होते.

पहाटे साडेचारला निघालो. भिवंडी बायपासला ट्रकांची रांग, शहापूरला चहा. कसारा घाटात उजाडलं, आणि तिथं मी ह्यांना गाडी हळू घ्यायला सांगितली. घाटात डोंगर कापलेला आहे तिथं काळ्या दगडाचे थर दिसतात, आडवे, एकावर एक, टोपलीत भाकऱ्या रचाव्यात तसे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला, निवला, त्यावर पुन्हा वाहिला. तोच हा बेसॉल्ट. अंधेरीची गिल्बर्ट हिल ह्याच काळातली आणि लोणारची जमीनही ह्याच दगडाची. "थर कसे आडवे आहेत बघा," मी म्हटलं. "हे लक्षात ठेवा, तिकडे उपयोगी पडेल." ह्यांनी मान हलवली आणि गिअर बदलला.

समृद्धीवर चढलो आणि दोघंही गप्प झालो. एवढा मोकळा रस्ता मुंबईच्या माणसानं बघितलेला नसतो. सहा पदर, मध्ये झाडांची पट्टी, सिग्नल नाही, रिक्षा नाही, दुचाकीला तर बंदीच. वेगाची मर्यादा १२०, पण ह्यांनी काटा नव्वदच्या पुढे जाऊ दिला नाही. पहिला तासभर ह्यांचा उजवा पाय सारखा ब्रेककडे जात होता. मग जायचा थांबला आणि त्याच वेळी हे म्हणाले, "आता बोलत राहा. हा रस्ता झोप आणतो." खरंच आणतो. डोळे उघडे असतात, पण वळण नाही, खड्डा नाही, समोर कुणी आडवं येत नाही, त्यामुळे डोक्याला काही कामच राहत नाही. आम्ही नियम केला, दर सव्वा तासानं गाडी थांबवता येईल अशा जागी थांबायचं, दोघांनी उतरायचं, पाणी प्यायचं. आणि मधल्या वेळात हे आपल्या जुन्या रूटचे थांबे ओळीनं म्हणत होते. "गांधीनगर, कांजूरमार्ग, भांडुप, सोनापूर, मुलुंड चेकनाका." प्रत्येक थांब्यावर एक आठवण. ह्या बाईचा पास हरवला होता, त्या म्हाताऱ्याला रोज पुढच्याच दारानं उतरायचं असायचं, २६ जुलैच्या पुरात बस रात्रभर पाण्यात उभी होती आणि हे प्रवाशांना सोडून उतरले नव्हते. २६ जुलैची गोष्ट मला माहीत होती. पण त्या रात्री बसमध्ये एका बाईकडे थालीपिठं होती आणि ती सगळ्यांनी चतकोर-चतकोर खाल्ली, हे मला अठरा-एकोणीस वर्षांनी वैजापूरच्या आसपास कळलं.

बाहेर कांदा, मग कापूस, मग तूर. जालन्याच्या पुढे जमीन काळी आणि सपाट होत गेली. डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच खाल्ली.

मेहकरला उतरलं असतं तर लोणार जवळ पडलं असतं, पण आम्ही आधीच सिंदखेड राजाला उतरलो. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म जिथं झाला, तो लखुजी जाधवांचा वाडा रस्त्याला लागून असताना मला पुढे जाववेना. जयंतीची गर्दी ओसरली होती. दरवाजात उभं राहून हात जोडले, आत फिरलो, अर्ध्या-पाऊण तासात निघालो. तिथून लोणारपर्यंत गावागावातून जाणारा रस्ता.

लोणारला पोचलो आणि पहिली अडचण उभी राहिली. ज्या लॉजवर फोनवरून खोली सांगून ठेवली होती, तिथं लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं. आमच्या नावाची खोली त्यांना देऊन टाकलेली. काउंटरवरच्या मुलाला मी रागानं बोलले. साडेचारशे किलोमीटर गाडी चालवून आलेल्या साठीच्या माणसाला "खोली नाही" असं सांगताना त्यानं मान वरही केली नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. हे म्हणाले, "चल, आधी तळं. उजेड आहे तोवर." शेवटी खोली रात्री आठला दुसरीकडे मिळाली. मालकीणबाईंनी "लय दुरून आले जी तुम्ही" म्हणत गरम पाण्याची बादली दिली आणि वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा असं ताट वाढलं. त्यांचं घर मी विसरणार नाही.

तर संध्याकाळ. मी पुढच्या काचेतून तळं शोधत होते. एवढं मोठं तळं, लांबून चकाकेल असं वाटत होतं. काही दिसेना. रस्ता थोडा चढला, गाडी लावली, पायवाटेनं चार पावलं वर गेलो. समोर झुडपं आणि वर आकाश. आणखी दोन पावलं. आणि जमीन संपली.

मी ह्यांचा हात धरला. पायाखालून कडा खाली जात होता, पूर्ण गोल, झाडीनं भरलेला, आणि खूप खाली हिरवं पाणी, हललं न हललं असं. समोरची कड संध्याकाळच्या उन्हात तांबूस दिसत होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. कडेपासून पाणी सुमारे १३७ मीटर खाली, म्हणजे पंचेचाळीस मजल्यांचा टॉवर आत उभा केला तर त्याची गच्ची आमच्या पायाशी आली असती. पाण्याचा व्यास साधारण १.२ किलोमीटर. शिवाजी पार्कला कट्ट्याकट्ट्यानं एक पूर्ण फेरी मारायला जितकं चालावं लागतं, तितकं ह्या तळ्याचं नुसतं ह्या काठापासून त्या काठापर्यंतचं अंतर.

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चढून यावं लागलं."

तीच माझी पहिली चूक. फळ्यावर मी सपाट रेघ काढायची आणि रेघेत खड्डा. पण इथं खड्ड्याची कड आसपासच्या जमिनीपेक्षा साधारण वीस मीटर उंच आहे. म्हणून लांबून काही दिसत नाही, म्हणून चढावं लागतं. सकाळी उजेडात मी ह्यांना कडेचा दगड दाखवला. कसाऱ्याला भाकऱ्यांसारखे आडवे होते ते थर इथं तिरके झालेले, तळ्याकडून बाहेरच्या बाजूला कललेले. जमीन खालून ढकलून उचलावी आणि बाहेर दुमडावी तसे. ह्यांनी तळहात त्या थरावर ठेवला, उताराचा कोन बघितला आणि म्हणाले, "म्हणजे मार आतून बाहेर बसलाय." मी अठ्ठावीस वर्षांत ते इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

दुसरी चूक त्या गोळ्याची. अवकाशातून येणारा दगड सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं येतो. विक्रोळीहून ठाण्याला एक-दोन सेकंदांत पोचावं, असा तो वेग. एवढ्या वेगानं तो जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग एका क्षणात उष्णता आणि धक्का होऊन बाहेर पडतो. दगडाचा बहुतेक भाग वितळतो, त्याची वाफ होते. खालचा खडक पाण्यासारखा वागतो, उसळतो, कड उभी राहते आणि चुरा चहूबाजूंना उडतो. म्हणून खड्डा दगडाच्या कितीतरी पट मोठा होतो. तळ्याच्या बुडाशी भोकं पाडून बघितली गेली, तेव्हा गाळ लागला आणि गाळाखाली फुटलेल्या खडकाचा भुगा. माझा गोळा तिथं नाही.

मग दगडच पडला हे कशावरून? कारण आधी पुष्कळांना हे ज्वालामुखीचं तोंड वाटायचं, आणि सगळीकडे लाव्हाचाच दगड असताना तसं वाटणं साहजिक होतं. पण ह्या भुग्यात मास्केलिनाइट नावाची काच सापडली. बेसॉल्टमधल्या एका खनिजावर प्रचंड दाब क्षणभर पडला तर त्याची अशी काच होते, आणि तेवढा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी हे प्रसिद्ध केलं. चंद्रावरची कितीतरी विवरं बेसॉल्टमध्येच आहेत, म्हणून तिकडचा अभ्यास करणारेही लोणारला येतात.

वयाचंही सांगायला हवं, कारण मी पन्नास हजार वर्षं असं पाठ करून घेतलं आहे. सुमारे ५२,००० वर्षं हे वय एका पद्धतीनं काढलेलं होतं. नंतर २०११ मध्ये तापून वितळलेल्या दगडातल्या आर्गॉन वायूवरून मोजलं तेव्हा ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दहापट. माझ्या जुन्या मुलांनी वहीत दोन्ही आकडे लिहावेत आणि दुसऱ्यापुढे २०११ घालावं.

गोमुखाच्या धारेपासून खाली वाट जाते. धारेचं पाणी बारमाही आणि गोड, तिथं लोक आंघोळ करत होते. माझे गुडघे बरे नाहीत. हे पुढे उतरायचे, मागे वळायचे, हात द्यायचे, मी उतरायचे. वाटेत जुनी देवळं झाडीत उभी, वानरं, कुठून तरी मोराचा आवाज. खाली जाऊ तसा वास येऊ लागला, उग्र, कुजल्यासारखा. काठाला चिखलावर पांढुरकी पापडी धरलेली होती.

मी पर्समधून हळदीचा कागद काढला. दरवर्षी वर्गात मी तो करायची. हळद पाण्यात कालवून टिपकागदाला लावायची, वाळवायचा, पट्ट्या कापायच्या. लिंबाचा थेंब टाकला तर पिवळा तो पिवळाच, साबणाचं पाणी लावलं की लाल. मुलांना ती जादू वाटायची. मी बोटाचं टोक पाण्यात बुडवलं आणि पिवळ्या पट्टीवर टेकवलं. पाणी कागदात पसरलं आणि पसरता पसरता ठिपका लाल झाला, विटकरीसारखा गडद लाल, भोवती नारिंगी कडा. शेजारच्या पट्टीवर मी घरच्या बाटलीतलं पाणी टेकवलं, काही झालं नाही. वर जाऊन धारेचं पाणी टेकवलं, तेव्हाही पिवळं. गोड पाणी तिथं वर, आणि अर्ध्या तासाच्या उतरणीवर हे.

तळ्यात पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी नेतं, खार मागे ठेवतं. आमटी आटत गेली की खारट होते, तसं हे वर्षानुवर्षं चाललेलं. त्यात मीठ आहे आणि सोडियम कार्बोनेटही आहे, आपल्या पापडखाराच्या जातीचा खार, म्हणून सामू (पीएच) दहाच्या आसपास. पूर्वी तळ्यातून हा खार काढायचे, साबणाला आणि काचेला तो लागायचा; 'ऐन-ए-अकबरी'तही ह्या जागेचा उल्लेख आहे. एरवी पाणी हिरवं दिसतं ते स्पिरुलिना जातीच्या शेवाळामुळे. असल्या पाण्यात आपल्या ओळखीचं फारसं काही जगत नाही, पण जे जगतं ते इतकं की सगळं तळं रंगवतं. २०२० मध्ये हे तळं जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं.

पुस्तकात लिहितात की १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लोणार शोधलं. त्यानं नोंद केली असं लिहावं. काठावर शतकांपूर्वीची देवळं बांधणाऱ्यांना तळं दिसत नव्हतं काय?

गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच लोकांचं. बाहेरून नक्षीनं भरलेलं, आत अंधार. देखरेख करणाऱ्या काकांनी टॉर्च छताकडे धरला आणि लवणासुराची गोष्ट सांगितली. असुर जमिनीखाली लपला होता. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळाचं झाकण उडवलं, ते लांब जाऊन पडलं आणि त्याची टेकडी झाली. असुराचं रक्त ते तळ्याचं पाणी, त्याचं मांस तो खार. मी ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा आला. जमिनीचं झाकण उडालं, ते लांब जाऊन पडलं, मागे खार राहिला. ज्यांच्याकडे ना दुर्बीण, ना आर्गॉन, त्यांनी कड बघितली, पाणी चाखलं आणि एवढं जुळवलं.

परत येताना मेहकरहून समृद्धी धरली. ह्यांनी थांबे म्हटले नाहीत, मला प्रश्न विचारत राहिले. दगड किती मोठा असेल, आवाज कुठपर्यंत गेला असेल, तेव्हा इथं माणसं होती का. जे माहीत होतं ते सांगितलं, बाकीचं घरी येऊन वाचलं.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला मुख्याध्यापिकांनी मला जुन्या शाळेत बोलावलं. सातवीच्या वर्गात खडू हातात घेतला. रेघ काढली, कडेशी ती वर उचलली, मग वाटी, मग निळं पाणी. कडेला तिरके थर. पाण्याखाली गाळ, गाळाखाली ठिपके ठिपके, तो भुगा. गोळा काढला नाही. हे मागच्या बाकावर बसले होते, गुडघे बाकात मावत नव्हते तरी.

तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. उंच झाली होती, दोन वेण्या, पण आवाज तोच.

"बाई, बघितलंत?"

"बघितलं."

"अजून गुलाबी आहे?"

"नाही. हिरवं आहे."

मी तिला पुढे बोलावलं आणि हळदीची ती पट्टी दाखवली. वहीत दाबून ठेवली होती, ठिपका वाळून तपकिरी-लाल झाला होता. तिनं पट्टी नाकाजवळ नेली.

"ह्याला साबणाचा वास येत नाही."

"नाही येत. तिथं वेगळाच वास येतो."

"कसला?"

मी खडू खाली ठेवला आणि उतरणीची वाट सुरू होते तिथपासून सांगायला लागले.